अमेरिकन आणि जपानी शैलींचा मेळ घालून कॉमिक काढायला शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात चित्रं काढणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि शाळांतले कलाशिक्षक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

अमेरिकन कॉमिक आणि जपानी मांगा यांत नेमका फरक काय? मोठे डोळे आणि टोकदार केस एवढंच ना?

डोळे-केस हा फरक सगळ्यात वरवरचा. खरा फरक गोष्ट किती जागेत सांगायची यात आहे.

अमेरिकेत दरमहा निघणाऱ्या अंकात गोष्टीची पानं साधारण २० ते २२ असतात. तेवढ्यात काहीतरी घडून पुढच्या महिन्याची उत्सुकता तयार व्हायला हवी. म्हणून एका पानात पाच-सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत एखादी कृती, आणि लिखाणही बरंच. काम वाटलेलं असतं : पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचे, अक्षरं चौथ्याची. छपाई रंगीत, त्यामुळे शरीराची ठेवण, प्रकाश आणि सावली यांवर भर.

जपानमध्ये साप्ताहिकात एका भागाला १८-२० पानं मिळतात, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तितकीच. गोष्ट वर्षानुवर्षं चालते. त्यामुळे एका नजरेवर, एका उघडणाऱ्या दारावर दोन पानं खर्च करायची मुभा असते. मुख्य चित्रकार एक, हाताखाली मदतनीस. छपाई बहुतेक काळी-पांढरी आणि स्वस्त कागदावर, म्हणून रंगाऐवजी ठिपक्यांचे टोन (बारीक ठिपक्यांतून दिसणाऱ्या करड्या छटा) आणि रेघांची जाडी-बारीकी यांतून सगळं साधायचं.

हे ढोबळ झालं. संथ अमेरिकन कॉमिक असतात, धावती मांगाही असते. पण शिकताना हा फरक हाताशी ठेवला की पुढचं सोपं जातं.

मग दोन्हींचा मेळ घालायचा म्हणजे काय करायचं?

बहुतेक जण मांगाचा चेहरा काढतात आणि खाली सुपरहिरोचं धड जोडतात. ते दोन तुकडे शेवटपर्यंत वेगळेच दिसतात. मेळ पानाच्या मांडणीत घालायचा असतो. गोष्टीतलं कुठलं काम कुठल्या पद्धतीने करायचं, हे आधी ठरवा.

एक प्रसंग घेऊ. बीडच्या एसटी स्टँडवर एक मुलगी शेवटची गाडी पकडायला धावते आणि गाडी चुकते.

अमेरिकन पद्धतीने हे एका पानात बसेल. वर आडवी चौकट : स्टँड, फलाट, सुटायच्या बेतात असलेली गाडी. दुसरीत मुलगी खालच्या कोनातून, पुढचा पाय वाचकाच्या अंगावर येईल इतका मोठा, मागचा लहान. तिसरीत गाडीचं मागचं टोक आणि तिचा हात. चौथीत धूळ. पाचवीत तिचा चेहरा.

जपानी पद्धतीने त्याची तीन-चार पानं होतील. घंटीच्या दोरीवर कंडक्टरचा हात. पायातल्या चपलेचा तुटलेला अंगठा. गाडीचं दार. मग गाडी गेल्यावर पत्र्यावर बसलेला कावळा, रिकामा बाक, टपरीवर उकळणारा चहा, आणि एकही शब्द न बोलता उभी असलेली ती.

मी धावण्याचं पान अमेरिकन ठेवीन, कारण तिथे शरीराचं वजन, तोल, वेग दाखवायचा आहे. गाडी चुकल्यानंतरचं पान जपानी ठेवीन : तीन निःशब्द चौकटी, त्यातली एक पानभर रुंद. वाचकाला तिथे थांबायला जागा मिळते. एकच प्रसंग, दोन पद्धती, आणि त्यांच्यातला सांधा गाडी निघते त्या क्षणावर.

आणखी दोन बारीक गोष्टी मांगाकडून नक्की घ्या. एक, चौकटींमधल्या फटी. मांगात खालच्या-वरच्या ओळींमधली फट रुंद आणि शेजारच्या चौकटींमधली अरुंद ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे डोळा आधी ओळ संपवतो, मगच खाली उतरतो. अमेरिकन पानात दोन्ही फटी बहुधा सारख्याच असतात. दुसरी गोष्ट वेगाच्या रेघा. अमेरिकन चित्रकार धावणाऱ्या वस्तूच्या मागे रेघा ओढत आले. मांगात मात्र धावणारा माणूस स्पष्ट ठेवून मागचं सगळं दृश्य रेघांमध्ये ओढून टाकतात, आणि वाचक त्याच्याबरोबर धावतो.

अमेरिकन बाजूकडून घ्यायचं ते ठोस काम : हाडामांसाची रचना, एकाच दिशेने येणारा प्रकाश, आणि काळ्या शाईचे मोठे भरीव भाग. या तिसऱ्या गोष्टीकडे नवी मुलं सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. पान लांबून बघितल्यावर नुसत्या रेघांचं करडं जाळं दिसत असेल, तर काळं कमी पडलं आहे.

सोडायचं काय? कपाळावरचा घामाचा मोठा थेंब, रागाची फुगलेली शीर अशी चिन्हं पहिल्या गोष्टीत तरी टाळा. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघणाऱ्या मुलाला ती लगेच कळतात, त्याच्या आजीला कळत नाहीत. आणि कॉमिक आजीनेही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

असा मेळ आधी कुणी घातला आहे का, की ही नवीच फॅशन आहे?

देवाणघेवाण फार जुनी आहे. आधुनिक मांगाचा पाया घालणारे ओसामू तेझुका डिस्ने आणि फ्लायशर यांच्या अमेरिकन ॲनिमेशनवर वाढले, आणि मांगातले मोठे डोळे त्याच वाटेने आले. १९६६-६७ मध्ये जिरो कुवाता यांनी जपानी वाचकांसाठी बॅटमॅन काढला. १९७० मध्ये र्‍योइची इकेगामी यांनी स्पायडरमॅनची जपानी मांगा सुरू केली. उलट दिशेने, फ्रँक मिलर यांनी १९८३-८४ मध्ये काढलेल्या ‘रोनिन’ या अमेरिकन कॉमिकवर सामुराई मांगाची छाप स्पष्ट दिसते. १९८८ पासून ‘अकिरा’ ही जपानी मांगा अमेरिकेत रंगीत निघू लागली, तिचे रंग स्टीव्ह ऑलिफ यांनी संगणकावर केले. मूळ काळ्या-पांढऱ्या मांगावर अमेरिकन रंग चढले की काय होतं, हे बघायला ती पानं उत्तम.

आपल्याकडच्या वाचकालाही अमेरिकन मांडणी परकी नाही. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे अमेरिकन ‘फँटम’, मराठीत घरोघरी पोचला. १९६७ पासून अमर चित्र कथा आली. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांनी त्यात आपली माणसं, आपले दागिने, आपली वस्त्रं काढली. त्यांचे जुने अंक रद्दीच्या दुकानात मिळाले तर सोडू नका.

मला चित्रकला फारशी येत नाही. सुरुवात कशी करू? एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा उपयोग होतो का?

होतो, आणि लोक समजतात त्यापेक्षा जास्त. स्थिरचित्रात प्रकाश कळतो, भूमितीत सरळ रेघ आणि वर्तुळ हातात बसतं, अक्षरलेखन पुढे संवादाच्या फुग्यांत कामाला येतं. पण कॉमिकसाठी सोन्यासारखा विषय म्हणजे स्मरणचित्र. समोर काही नसताना बाजार, पाणवठा, बैलपोळा डोक्यातून कागदावर उतरवायचा, हेच कॉमिकवाल्याचं रोजचं काम आहे. परीक्षेसाठी पाठ केलेली ठरावीक स्मरणचित्रं मात्र विसरा. रोज संध्याकाळी त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट काढा : पंक्चर काढणारा, पाण्याच्या टँकरभोवतीची घागरींची रांग, कापूस वेचणाऱ्या बाया.

शरीर मोजायला डोक्याचं माप धरा. खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. सुपरहिरो आठ ते साडेआठ, कधी त्याहून जास्त. मांगातली तरुण पात्रं बऱ्याचदा सहा-सात, आणि गमतीच्या छोट्या आकृत्या दोन-तीन. तुमच्या पात्रांसाठी एक माप ठरवा आणि सगळ्या गोष्टीत तेच पाळा. सात डोकी धरून बघा, दोन्ही बाजूंना झुकता येतं.

अजिंठा-वेरूळ जवळ आहे. त्याचा कॉमिकशी काही संबंध लावता येतो का?

लावता येतो, आणि मराठवाड्यातल्या मुलाने लावलाच पाहिजे. तिकीट काढून एका दिवसात परत येता येईल इतक्या जवळ चित्रांतून गोष्ट सांगण्याची एवढी मोठी शाळा आहे.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतराची आणि सिंहलाची बौद्ध कथा भिंतीवर आहे. चौकटी कुठेच नाहीत. एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतं. प्रसंग वेगळे करायला खांब, दार, खडक, झाड वापरलं आहे. बऱ्याच ठिकाणी प्रसंग घडण्याच्या क्रमापेक्षा घडण्याच्या जागेनुसार लावले आहेत : राजवाड्यातले एकीकडे, रानातले दुसरीकडे. दोन प्रसंगांमध्ये रेघ न मारता माळवदाच्या घराचा खांब किंवा बाभळीचं खोड उभं करून बघा. चौकटीचं काम झाड करतं आणि पान मोकळं होतं. अजिंठ्याचे हातही काढा. चेहरा शांत ठेवून सगळा भाव बोटांतून कसा दाखवायचा, हे तिथे शिकायला मिळतं.

वेरूळला सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, दक्षिणेच्या बाजूला रामायण आणि उत्तरेच्या बाजूला महाभारत ओळींओळींनी कोरलं आहे. ते थेट कॉमिकच्या पानासारखं वाचता येतं. पण मी मुलांना तिथे पाठवतो ते सावल्यांसाठी. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतर ऊन समोरून आत येतं आणि कोरीव कामाच्या खोबणी काळ्याभोर दिसतात. पेन्सिल बाजूला ठेवा, जाड ब्रश पेन घ्या आणि फक्त सावलीचे आकार भरा. बाह्यरेषा काढूच नका. हत्ती, खांब, देवतेचा हात, सगळं नुसत्या काळ्यातून उभं राहतं. अमेरिकन शैलीत काळं कुठे भरायचं हा प्रश्न अशा दोन-तीन दुपारींत बराचसा सुटतो.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे बघून निघा.

पान उजवीकडून डावीकडे काढू का, खऱ्या मांगासारखं?

नको. जपानी लिखाण उभं आणि उजवीकडून चालतं, म्हणून त्यांची चित्रंही तशी चालतात. मराठी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. चौकटी एका दिशेने आणि फुग्यातलं वाक्य दुसऱ्या दिशेने गेलं की वाचक दर चौकटीत अडखळतो.

मराठी संवाद फुग्यात बसत नाहीत. काय चुकतंय?

फुगा आधी काढला असेल. संवाद आधी लिहा, मग त्याच्याभोवती फुगा काढा.

मांगातले फुगे उभट असतात, कारण त्यात मजकूर उभा असतो. तोच आकार मराठीला घेतला तर ‘विचारायलास’ हा शब्दच एका ओळीत मावत नाही. आपल्याला अमेरिकन आडवा अंडाकृती फुगा जास्त सोयीचा. पण त्यांची ओळींमधली जागा उचलू नका. ते सगळी मोठी अक्षरं वापरतात, वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून ओळी चिकटवता येतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींमध्ये सढळ जागा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. एका ओळीत तीन-चार शब्द, एका फुग्यात फार तर चार ओळी. जोर द्यायला अक्षर तिरकं करू नका, जाड करा.

हाताने अक्षर सुबक येत असेल तर हातानेच लिहा. संगणकावर करायचं तर मुक्ता, बालू, कलम हे फाँट मोफत मिळतात, आणि मोठ्या आवाजांसाठी गुबगुबीत मोदक. ज्या ॲपमध्ये काम करणार त्यात आधी ‘ट्रॅक्टर’, ‘दुष्काळ’, ‘कृपया’ हे तीन शब्द टाइप करून बघा. जोडाक्षरं तुटली तर चित्र तिथे काढा आणि अक्षरं इंकस्केपमध्ये बसवा, तेही मोफत आहे.

आणि पात्रं जिथली, तिथलं बोलू द्या. परभणीतलं पोरगं ‘काय करायलास?’ असं विचारत असेल तर फुग्यातही तेच यायला हवं. प्रमाणभाषा निवेदनाच्या चौकटीत ठेवा.

आवाज कसे लिहायचे? धडाम, ढिशूम सोडून काही सुचत नाही.

मराठीत आवाजांचा तोटा नाही, कान उघडे ठेवा. ट्रॅक्टरची घर्रर्र, ज्वारीच्या ताटांची सळसळ, पत्र्यावर गारांचा ताडताड मारा, रहाटाची कुरकुर. मांगात आवाज नसलेल्या गोष्टीही अक्षरांतून दाखवतात, अगदी शांतताही. आपल्यालाही ते जमतं : मे महिन्यातल्या दुपारच्या गल्लीवर पसरलेला ‘शुकशुकाट’, निकालाच्या वेळी छातीमागे ‘धडधड’.

शिरोरेषेचा उपयोग करा. लांबत जाणाऱ्या आवाजात ती लांब ओढा, स्फोटात तिचे तुकडे करा. अमेरिकन आवाज जाड, ठोकळेबाज आणि रंगीत असतात. मांगातले आवाज चित्राच्या मागून-पुढून जाणारे, चित्राचाच भाग झालेले. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण देवनागरी अक्षर मुळात लवचीक आहे आणि ते चित्रात मिसळतं.

साहित्य काय घ्यावं?

सुरुवातीला फार काही नाही : कार्ट्रिज पेपर, एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी, एक बारीक वॉटरप्रूफ पेन, एक ब्रश पेन आणि कॅमलची वॉटरप्रूफ काळी शाई. अमेरिकन मूळ पान ११ बाय १७ इंचांचं असतं, व्यावसायिक मांगाचं बी-४, म्हणजे २५७ बाय ३६४ मिलिमीटर. आपल्याकडे ए-३ सहज मिळतो. त्यावर काढा आणि छापताना लहान करा, रेघा आवळून येतात.

मांगावाले टाकाला जी-पेन नावाची निब लावतात. दाब दिला की रेघ जाड, सोडला की बारीक. ती ऑनलाइन मागवावी लागते. अमेरिकन शाईकामात ब्रशची परंपरा मोठी आहे. मी दोन्ही शिकवतो : चेहरा आणि केस निबने, कपड्यांच्या घड्या आणि सावल्या ब्रशने.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची एक अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसलं की शाई निबच्या टोकावरच वाळते आणि रेघ मध्येच तुटते. शेजारी पाण्याची वाटी आणि सुती फडकं ठेवा, आठ-दहा रेघांनी निब बुडवून पुसा. घामाचा हात कागदावर टेकला की शाई फुटते, म्हणून हाताखाली जाड कागद ठेवा. शाईकाम सकाळी उरकून घेतलेलं बरं.

मोबाईलवर काढलं तर चालतं का?

चालतं. आयबिसपेंट मोबाईलवर, क्रिता संगणकावर, दोन्ही पैसे न देता वापरता येतात. कच्चा आराखडा मात्र कागदावर करा. छोट्या पडद्यावर बोटांनी चित्र मोठं करून एकच डोळा तासभर कोरला जातो आणि पूर्ण पान नजरेतून निसटतं. लाइट जाण्याची सवय असेलच, तेव्हा काम मधूनमधून सेव्ह करत राहा.

काळं-पांढरं पान छापायचं तर ६०० डीपीआय (एका इंचातले ठिपके), रंगीत ३०० ते ३५०. ठिपक्यांचे टोन लावलेलं पान नंतर लहान-मोठं केलं की ठिपक्यांत विचित्र पट्टे उमटतात. पान फक्त फोनवर दाखवायचं असेल तर ठिपके टाळा, सरळ करडा रंग भरा.

रंग द्यावा की काळं-पांढरं ठेवावं?

पहिली गोष्ट काळी-पांढरी. झेरॉक्सवर छापता येते, आणि चित्रातलं कच्चेपण रंगाखाली लपत नाही.

आमची माणसं सावळी आहेत. मांगात चेहरे पांढरेच सोडतात. कसं करायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांचं मला कौतुक वाटतं. मांगात चेहऱ्याचा कागद कोरा सोडायची पद्धत आहे. ती जशीच्या तशी उचलली तर ऊसतोडीला जाणारं अख्खं कुटुंब गोरंपान दिसतं.

हलका टोन द्या, साधारण २० टक्क्यांचा, आणि नाकाचा कणा, गालाचं हाड, खालचा ओठ यांवरचा उजेड कोरा सोडा. डोळ्यांतलं आणि दातांचं पांढरं शुभ्र ठेवा. चेहऱ्याच्या रेघा टोनपेक्षा ठळक हव्यात, नाहीतर भाव बुडतात. टोन नको असेल तर अमेरिकन पद्धतीने सावलीचा भाग काळ्याने किंवा बारीक रेघांनी भरा, उन्हातल्या प्रसंगांत ते फार छान दिसतं. एक पथ्य पाळा : नायक कोरा आणि खलनायक काळा, असं कधीही करू नका.

वस्त्रांकडेही बघा. फेट्याचे पेच, नऊवारीचा काष्टा, धोतराचा सोगा यांच्या घड्या सुपरहिरोच्या अंगाला चिकटलेल्या पोशाखाने शिकवल्या जात नाहीत. आठवडी बाजारात बसून त्या काढाव्या लागतात.

दुसऱ्याची पानं बघून काढणं ही चोरी आहे का?

सरावासाठी नक्कल करा, सगळे करतात. ती आपली म्हणून दाखवू नका, विकू नका. शैलीवर कुणाची मालकी नसते, पण पात्रांवर असते. प्रसिद्ध पात्र घेऊन टी-शर्ट छापून विकणं तुम्हाला अडचणीत आणू शकतं. तुम्ही स्वतः काढलेल्या चित्राला १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं, आणि ते चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतं.

पहिली गोष्ट किती पानांची असावी?

आठ. त्याहून मोठी घेतली की तिसऱ्या पानावर शाई वाळते आणि वही कपाटात जाते. शंभर भागांच्या महाकथेचा नकाशा काढत बसू नका. एक माणूस, एक जागा, एक अडचण. गढीत हरवलेली शेळी, बारवेत पडलेली किल्ली, पावसाची वाट बघणारा बाप. आधी आठही पानं काडेपेटीएवढी लहान काढा आणि ती ओळखीच्या माणसाला दाखवा. शब्दांशिवाय गोष्ट कळली, तरच पेन्सिल मोठ्या कागदावर टेकवा.

मुलगा दिवसरात्र हेच काढतो. यात पुढे काही आहे का?

आईवडिलांची काळजी मला समजते. नुसत्या कॉमिकवर घर चालवणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत, हे मुलाला स्पष्ट सांगावं. पण हाच हात स्टोरीबोर्ड, ॲनिमेशन, पाठ्यपुस्तकांची चित्रं, जाहिरात आणि गेमच्या कामात चालतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, दहावी-बारावीच्या आधी एकदा तिथे जाऊन मुलांचं काम बघून या. आणि कृपा करून वह्या फाडू नका. अभ्यासाची वेळ ठरवा, चित्राचीही ठरवा.

कॉमिक पूर्ण झालं. आता कुठे द्यायचं?

जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्कार सुरू केला, जपानबाहेरच्या चित्रकारांसाठी. हात बसल्यावर त्या वर्षीचे नियम वाचून पाठवा. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये स्वतंत्र चित्रकार आपली पुस्तकं टेबलावर मांडून विकतात, एकदा नुसतं फिरून बघा.

त्याआधी गावात वाचक मिळवा. ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ ची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. आठ पानांची गोष्ट, दोन पानं मुखपृष्ठ-मलपृष्ठ, एका पानावर पात्रांची ओळख, एका पानावर कच्ची रेखाटनं : बारा पानं, तीन कागद, मध्ये पिना. शाळेच्या वाचनालयात, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर एकेक प्रत ठेवा आणि लोक कुठल्या पानावर थांबतात ते बघा. छापताना पानांचा क्रम हमखास उलटसुलट होतो. कोरे तीन कागद दुमडून त्यांवर आधी क्रमांक लिहा, आणि तो नमुना झेरॉक्सवाल्याच्या हातात द्या.